यवतेश्वराच्या डोंगरावर बंद पडलेली एक सायकलवाट : प्रकरण अभ्यास

सातारा शहराच्या पश्चिमेला समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वर घाट चढून गेले की कासचा रस्ता डोंगराच्या माथ्यामाथ्याने पुढे जातो. या रांगेच्या उत्तरेला वेण्णेचे खोरे आणि कण्हेर धरणाचे पाणी आहे. दक्षिणेला उरमोडीचे खोरे असून त्याच्या पलीकडे सज्जनगड दिसतो. माथ्यावरच्या वाड्या आणि खोऱ्यांतील गावे यांना जोडणाऱ्या पायवाटा दोन्ही अंगांनी उतरतात. गाडीरस्ते झाल्यापासून त्यांपैकी बऱ्याच वाटांवरची वर्दळ आटली, तरी गुरे चारायला नेणे आणि गवत-सरपण आणणे एवढ्या कामांसाठी काही वाटा आजही रोज पायाखाली असतात.

येथे मांडलेले प्रकरण दक्षिण उतारावरील अशाच एका वाटेचे आहे. सायकलस्वारांच्या एका गटाने ती उतरणीसाठी वापरायला सुरुवात केली, तीन पावसाळ्यांत तिची घळ झाली, एका रविवारी सकाळी तेथे अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी गावाने बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, टाकून ती बंद केली. प्रस्तुत लेखक त्या गटात होता. गावाचे आणि माणसांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण त्या माणसांशी आजही येणे-जाणे आहे आणि दोषाचा मोठा वाटा आमच्याच पदरात पडतो.

वाट आणि तिचा वापर

गटात बारा-चौदा जण होते. बहुतेक साताऱ्यातच नोकरी-धंदा करणारे, दोघे महाविद्यालयात शिकणारे. रविवारी पहाटे साडेपाचला निघायचे, घाट चढायचा, माथ्यावर टपरीवर चहा घ्यायचा आणि साडेसातच्या सुमारास उतरणीला लागायचे, असा क्रम ठरून गेला होता. माथ्यापासून खालच्या शेतापर्यंतची उतरण सुमारे ३२० मीटर उंचीची आहे. तिचा वरचा भाग जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाच्या सपाटीवरून, आणि झाडीच्या पट्ट्यातून जातो. खालचा भाग शेताच्या बांधाबांधाने गावात शिरतो. या दोन्ही भागांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. प्रकरण घडले ते मधल्या सोंडेवर, म्हणजे डोंगरातून पुढे उतरलेल्या धारेवर. तेथे वाट सुमारे ७०० मीटर आडव्या अंतरात १८० मीटर खाली येते, म्हणजे शंभर मीटरला जवळजवळ २६ मीटर. सोंडेचा स्वतःचा उतारही तेवढाच आहे. दुसऱ्या शब्दांत, वाट डोंगराच्या उतारावरून कोठेही तिरकी न होता पाण्याच्या धारेसारखी सरळ खाली जात होती.

आम्हांला तिची ओढ वाटण्याचे कारण हेच होते. सोंडेवर झाडी नाही, समोर उरमोडीचे पाणी दिसते, आणि वरून सुटलेली सायकल तळापर्यंत कोठे अडत नाही. ही वाट जुनी असेल असे आम्ही गृहीत धरले होते. ती तशी नव्हती, हे पुढे कळले. माथ्यावरची तरणी पोरे खालची एसटी गाठण्यासाठी धावत उतरत, त्यातून ती पडली होती. गुरांची आणि भारा वाहणाऱ्या बायकांची वाट वेगळी होती; परंतु गावातील गुरे कमी होत गेली तशी ती घाणेरीने गिळली, आणि उरलेल्यांना एसटीच्या पोरांच्या वाटेनेच चढावे-उतरावे लागत होते.

या ठिकाणी कोणालाही न विचारता उतरायला सुरुवात झाली. पायवाट म्हणजे सर्वांची, एवढीच आमची समजूत होती. प्रत्यक्षात वरचा झाडीचा पट्टा वनखात्याच्या हद्दीत, मधली सोंड गायरानात आणि खालचे बांध खासगी मालकीचे आहेत. तिन्ही ठिकाणी विचारायची माणसे वेगळी होती आणि आम्ही तिघांनाही विचारले नव्हते. सड्यावर मात्र आम्ही वाट सोडून कधी सायकल घातली नाही, हे नोंदवायला हवे. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेले, आणि त्याच रांगेवरील अशा सड्यांवर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो, हे साताऱ्यात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

अपघात

डिसेंबरातील रविवार, वेळ सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. उतरणाऱ्यांपैकी तिसरा स्वार २७ वर्षांचा, तीन वर्षे एमटीबी (डोंगरवाटांसाठीची सायकल) चालवलेला, हेल्मेट घातलेला. त्याच्या सायकलला तारेने ओढले जाणारे डिस्क ब्रेक होते. सोंडेच्या मध्यावर एक फुगवटा आहे. तो ओलांडेपर्यंत पुढची वाट दिसत नाही आणि ओलांडल्यावर जेमतेम १५ मीटर दिसते. त्या १५ मीटरांच्या टोकाला साठी उलटलेल्या एक आजी दोन म्हशी घेऊन वर चढत होत्या.

म्हशी थबकल्या. आजींनी बाजूला व्हायचा प्रयत्न केला. पण तोवर वाटेला दोन्ही बाजूंनी गुडघ्याएवढे काठ आले होते. त्यांनी काठावर पाय दिला, सुटा मुरूम ढासळला आणि त्या घळीतच खाली बसल्या. स्वाराने पुढचा ब्रेक आवळला, पुढचे चाक मुरमावरून बाजूला सरकले आणि तो डाव्या खांद्यावर आपटला. त्याची कॉलरबोन मोडली. आजींचा घोटा मुरगळला आणि पुढे तीन आठवडे त्यांना डोंगर चढता आला नाही. सायकलचा त्यांना धक्का लागला नव्हता. या गोष्टीचा आम्ही पहिले काही दिवस फार आधार घेतला, आणि तो चुकीचा होता: त्या पडल्या त्या आमच्या सायकलींनी खोल केलेल्या वाटेत, बाजूला व्हायला जागा न उरल्यामुळे.

"ब्रेक लागला नाही," एवढेच स्वार सांगत होता. गटातही तेच निदान मान्य झाले. सायकल दुकानात उघडली तेव्हा मागच्या ब्रेकचे पॅड काचेसारखे चकाकत होते आणि चकतीवर निळसर छटा होती, म्हणजे दोन्ही खूप तापले होते. पॅड बदलले की प्रश्न मिटला असे वाटावे इतका हा पुरावा सरळ होता.

पकडीचा हिशेब

परंतु ब्रेक का तापले, आणि ते थंड असते तर सायकल थांबली असती का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

पहिल्याचे उत्तर सोपे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन १८० मीटर खाली आणले की सुमारे १,५०,००० ज्यूल ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. एक लिटर पाण्याचे तापमान ३६ अंशांनी वाढवायला एवढीच ऊर्जा लागते. सोंडेचा तुकडा आम्ही साधारण दीड मिनिटात उतरत असू. म्हणजे प्रत्येक सेकंदाला सोळाशेच्या वर ज्यूल, विजेच्या किटलीपेक्षा थोडे जास्तच. त्यातील काही भाग हवेत आणि टायरच्या घर्षणात जातो, उरलेला बहुतांश दोन पातळ चकत्यांवर येतो. रेझिनचे पॅड अशा तापाने पृष्ठभागावर गुळगुळीत होतात आणि पुढच्या वेळी कमी धरतात. यात नवे काही नाही. कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगररस्त्यावर १९७६ मध्ये ज्या उतरणीच्या शर्यती सुरू झाल्या, त्या रस्त्याला 'रीपॅक' हे नाव पडले ते एवढ्यासाठीच, की मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेकचे ग्रीस एका उतरणीत जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. आजच्या एमटीबीची वंशावळ त्या शर्यतींपासून सांगितली जाते.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र आमचे निदान मोडले. शंभराला २६ अशा उतारावर वेग नुसता वाढू द्यायचा नसेल, तरी वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढे बल टायरने जमिनीवर लावावे लागते. थांबायचे ते त्याच्या वर जे उरेल त्यातून. कडक जमिनीवर पसरलेला सुटा मुरूम म्हणजे परातीत सांडलेल्या बाजरीवर चालण्यासारखे. तेथे पकड वजनाच्या चार दशांश आहे असे उदारपणे धरू. सपाटीवर एवढ्या पकडीत ताशी २८ किलोमीटरने जाणारी सायकल सुमारे आठ मीटरांत थांबते. शंभराला ९ अशा उतारावर तिला दहा मीटर लागतात. सोंडेच्या उतारावर तिला बावीस मीटर लागतात, आणि ते सुद्धा दोन्ही ब्रेक पूर्ण शाबूत असताना, दोन्ही चाके न घसरता आणि स्वाराने क्षणाचाही विलंब न लावता. दृष्टीच्या टप्प्यात मीटर होते पंधरा. तेव्हा पॅड कोरे असते तरी फुगवट्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाआधी सायकल थांबली नसती. तो वेग त्या वाटेवर चुकीचा होता, आणि कमी वेगाने ती वाट उतरण्यात आम्हांला रस नव्हता. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे ते आहे.

याच हिशेबात दुसरी एक गोष्ट दडलेली होती. तीव्र उतारावर पुढचा ब्रेक आवळायची भीती वाटते, म्हणून नवखा स्वार मागचाच धरून ठेवतो. वजन पुढे गेल्यामुळे हलके झालेले मागचे चाक लगेच अडते आणि फरफटत जाते. फरफटणारे टायर मुरूम फावड्यासारखा ओढून नेते. फुगवट्याआधी वाटेवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटल्या होत्या, त्या या ब्रेकांच्या. घळीची सुरुवात तेथूनच झाली.

पाण्याचा हिशेब

सुरुवात चाकांनी केली हे कबूल. पण गुडघाभर घळ चाकांनी खणलेली नाही. ते काम पाण्याचे आहे.

साताऱ्याचा डोंगर लाव्हाच्या थरांचा आहे. भूगर्भशास्त्रात या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे, आणि सज्जनगडाच्या बाजूने या रांगेकडे पाहिले की नाव ठेवणाऱ्याने काय पाहिले असेल ते समजते. कठीण थराचा कडा, त्याखाली मऊ थराचा उतार, पुन्हा कडा. आमची सोंड अशाच एका मऊ थरावर आहे: वर टीचभर माती, खाली पिवळसर मुरूम. मातीला गवताची मुळे धरून ठेवतात. वाटेवरचे गवत गेले की मुरूम उघडा पडतो, आणि उघड्या मुरमावर पाऊस कसा पडतो हेही येथे महत्त्वाचे आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, सातारा शहरात त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास; दोन्हींमधले अंतर हवाई मार्गाने सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. सोंड या दोन टोकांच्या मध्ये आहे. माथ्यावरून आलेले पाणी पहिल्याच खोलगट रेषेत शिरते, आणि आमच्या वाटेने त्याला तळापर्यंत सलग रेषा मिळवून दिली होती.

वाट डोंगराला तिरकी असेल तर पाणी ती ओलांडून पलीकडे जाते. वाट उताराच्याच दिशेने असेल तर पाण्याला ती सोडून जाण्याचे कारण नसते. पुढे जाताना त्याचा वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की खडे वाहून नेण्याची त्याची ताकद दुपटीच्या कितीतरी पट होते. पहिल्या पावसाळ्यानंतर आम्हांला बोटभर चर दिसला. दुसऱ्यानंतर टायर त्यात अडकू लागले म्हणून काहींनी शेजारून दुसरी ओळ पाडली, आणि तिसऱ्या पावसाळ्यात दोन्ही चर मिळून एक घळ झाली. चर टाळण्यासाठी बाजूने जाणे हे त्या क्षणी शहाणपणाचे वाटते. त्याने वाट रुंद होते, आणि रुंद वाट अधिक पाणी गोळा करते.

सायकलवाटा बांधणाऱ्यांनी याविषयी काही आडाखे ठरवलेले आहेत. कॅलिफोर्नियात वाटा सायकलींना बंद होऊ लागल्या त्या काळात, १९८८ मध्ये, इंटरनॅशनल माउंटन बायसिक्लिंग असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. तिने प्रचारात आणलेला साधा नियम असा, की वाटेचा चढ-उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि एकूण सरासरी शंभराला दहाच्या आसपास राहावी. आमच्या सोंडेला पहिला नियम लावला तर मर्यादा १३ येते. वाट होती २६ ची.

फसलेले दोन उपाय

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी वरच्या आणि खालच्या तोंडाला बोरीच्या काट्यांच्या फांद्या पडल्या. आम्ही गावात गेलो, आजींच्या घरी जाऊन माफी मागितली आणि दवाखान्याचा खर्च दिला. तो त्यांच्या मुलाने घेतला. न घेण्याचा मोठेपणा त्याने दाखवावा अशी आमची अपेक्षा असण्याचेही कारण नव्हते. आजींनी एकच विचारले: सायकलीला घंटी का नसते? याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. वजन वाढते म्हणून आम्ही त्या काढून टाकल्या होत्या.

त्यानंतर आम्ही जे दोन उपाय केले ते आज आठवले तरी संकोच वाटतो. पहिला उपाय फलकाचा. 'सावधान, सायकल मार्ग' असा रंगवलेला पत्रा आम्ही वाटेच्या तोंडाशी रोवला. आमच्या मते ती खबरदारी होती. गावाच्या मते गायरानातल्या वाटेवर शहरातल्या पोरांनी आपले नाव लावले होते. पत्रा चार दिवसांत दिसेनासा झाला आणि बोराट्या दुप्पट झाल्या.

दुसरा उपाय घळ बुजवण्याचा. एप्रिलच्या तीन रविवारी आम्ही काठाचाच मुरूम कुदळीने पाडून घमेल्यांनी घळीत भरला आणि पायांनी दाबला. दिसायला वाट चांगली सपाट झाली. मे महिन्यात वळिवाची एक सर अर्धा-पाऊण तास कोसळली आणि भरलेला सगळा मुरूम खाली शेतात आला. तेथे एका शेतकऱ्याने भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, पाला-गोवर पसरून जागा भाजून ठेवली होती. त्या जागेवर वीतभर राड पसरली. पाण्याची रेषा तशीच ठेवून तीत सुटी माती भरणे म्हणजे पुढच्या पावसासाठी माल भरून ठेवणे, हे त्या दिवशी समजले. तो तुकडा साफ करून पुन्हा भाजून देण्यासाठी आम्ही सहा जण दोन दिवस राबलो. गावाशी बोलणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते या दोन दिवसांत, आणि तेही आम्ही काही सुचवले म्हणून नव्हे. हातात फावडे असलेल्या माणसाशी लोक सहज बोलतात.

तिरकी वाट

त्या शेतकऱ्याचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर येऊन बसले होते. आमच्यातील एकाने त्यांना विचारले, "आबा, ही वाट पूर्वीपासून अशीच आहे का?" ते म्हणाले, "ही काय वाट हाय व्हय? हितनं पाणी जातंय. वाट तिकडं घाणेरीत हाय." मग ते उठले आणि सोंडेच्या पश्चिम अंगाला घेऊन गेले. करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी यांखाली एक वाट होती. चार हात पुढे गेले की दिसायची, मग पुन्हा हरवायची. पण पायाला कळत होती. वळणांवर खालच्या बाजूने कोणीतरी कधीकाळी दगड रचलेले होते. बैल, गाभण गुरे आणि डोक्यावर भारा घेतलेली माणसे याच वाटेने उतरत असत.

आम्ही ती मोजली. मोजण्यासाठी नवे काही लागले नाही. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर आखण्यासाठी वापरतात ती लाकडी ए-फ्रेम गावातल्या एका तरुणाकडे होती. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वेळी, २०१६ मध्ये कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव राज्यात पहिले आले तेव्हापासून, साताऱ्याच्या खेड्यांत हे साधन हाताळणारी माणसे सापडतात. जुन्या वाटेची सोंडेवरील लांबी सुमारे दोन किलोमीटर भरली. तेवढ्यात ती तेच १८० मीटर उतरते, म्हणजे सरासरी शंभराला ९. सर्वांत तीव्र तुकडा १२ चा, तोही तीस-चाळीस मीटरांचा. दूरच्या देशातल्या संघटनेने लिहून ठेवलेली मर्यादा बैलांच्या वाटेने कोणताही कागद न पाहता पाळलेली होती. याचे फार आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. घसरणाऱ्या मुरमावर ओझे घेऊन उतरणाऱ्याला जी पकड लागते, तीच चाकाला लागते.

ग्रामपंचायतीत बसून बोलणे झाले. गावाच्या अटी थोड्या आणि स्पष्ट होत्या: गुरे चढायच्या वेळेला, म्हणजे सकाळी साडेनऊपर्यंत, आणि ती परतायच्या वेळेला, म्हणजे पाचनंतर, उतरायचे नाही, चढणाऱ्या माणसाला आणि जनावराला थांबून वाट द्यायची, झाड तोडायचे नाही, वाट साफ होईल ती सर्वांची असेल. पाचनंतर न उतरण्याची अट आमच्याही सोयीची होती, कारण या उतारावर संध्याकाळी गवे येतात आणि बिबट्याचा वावर आहे. वनखात्याकडे लेखी अर्ज केला. हद्दीतल्या पट्ट्यात खोदकाम करायला त्यांनी नकार दिला.

बांधणी

काम जूनपूर्वी पुरे होणे शक्यच नव्हते, म्हणून ते पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात सुरू केले. तेव्हा मुरूम ओलसर असतो, दाबला की बसतो. डिसेंबरानंतर त्याची धूळ होते. सात रविवार लागले. गावातले पाच-सहा जण रोजावर होते, आम्ही बिनरोजाचे. घाणेरी मुळासकट काढावी लागली, कारण कापली की ती दोन महिन्यांत पूर्ववत होते. कुसळांनी मोज्यांची जी अवस्था केली तिचे वर्णन येथे नको.

मुख्य काम पाणी बाहेर काढण्याचे होते, आणि त्याच्या दोन युक्त्या होत्या. एक म्हणजे वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला शंभराला पाच इतका झुकता ठेवणे, म्हणजे पडलेले पाणी वाटेवरून न धावता कडेवरून खाली पसरते. दुसरी अधिक महत्त्वाची: उतरणारी वाट प्रत्येक पंधरा-वीस मीटरांनी तीन-चार पावलांपुरती किंचित वर चढवायची आणि पुन्हा खाली सोडायची. त्या खोलगट जागी पाण्याला पुढे जाता येत नाही, ते बाहेर पडते. सायकलस्वाराला हा छोटा चढ-उतार आवडतो. वेगही त्यातच आपोआप मोडतो. आबांना हे पटवून द्यावे लागले नाही, पण जागा मात्र त्यांनी बदलल्या. पाणी कोठे बाहेर पडायला पाहते ते आम्ही ए-फ्रेमने ठरवत होतो. ते गवत कोणत्या दिशेला लोळलेले आहे हे पाहून ठरवत, आणि दोन ठिकाणी त्यांचेच बरोबर निघाले.

वळणे पाच. तेथे सपाट जागा करून खालच्या अंगाला काळ्या दगडाचे रचकाम केले. सोंडेच्या एका जागी उघडा कातळ आहे, सुमारे चाळीस मीटरांचा, चांगलाच तीव्र. त्याची झीज होत नाही, म्हणून ज्यांना कसोटी हवी त्यांच्यासाठी तेवढी सरळ ओळ ठेवली; तिच्या तळाशी पन्नास मीटर मोकळी दृष्टी आहे. गटातील तिघांना हे पुरेसे वाटले नाही. वाटेतला जीव गेला, असे म्हणून त्यांनी येणे सोडले. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही: तिरक्या वाटेवर पोटात गोळा येत नाही. तशी उतरण हवी असेल तर ती कोणीही भारा घेऊन चालत नाही अशा जागी, त्याच कामासाठी बांधलेली असावी लागते, आणि ती साताऱ्याच्या या सोंडेवर नाही.

सायकलींना घंटा आल्या. बाजारातून म्हशीच्या गळ्यात बांधायच्या लहान घाट्या घेतल्या आणि दांड्याला बांधल्या. वाट खडबडीत असल्याने त्या सतत वाजतात. दुकानातल्या घंटीपेक्षा त्या बऱ्या ठरल्या, कारण गुरे त्या आवाजाला बुजत नाहीत आणि सायकल किती लांब आहे याचा माणसाला आधीच अंदाज येतो. याशिवाय सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपवर जुन्या वाटेचा एक सेगमेंट, म्हणजे वेळ मोजला जाणारा तुकडा, होता, त्यात उतरणीच्या वेळांची क्रमवारी दिसे. तो धोकादायक म्हणून नोंदवला, त्यासरशी क्रमवारी दिसणे थांबले. पुण्याहून येणारे अनोळखी स्वार ज्या आकड्याच्या मागे या वाटेवर येत होते तो आकडाच उरला नाही, आणि मला विचाराल तर फलकापेक्षा या एका गोष्टीने अधिक काम केले.

दोन पावसाळ्यांनंतर

पहिल्या पावसाळ्यात दोन जागा बिघडल्या. तिसऱ्या वळणावर दगडांमागचा भराव खचला. तेथे वरचे पाणी वळणाच्या आधीच बाहेर काढायचे राहून गेले होते. दुसरी जागा चौथ्या आणि पाचव्या वळणाच्या मधली. तेथे गुरांनी कोपरा कापून सरळ खाली उतरायला सुरुवात केली, मागोमाग एक-दोन सायकलींच्या चाकांच्या खुणाही दिसल्या. तो कापलेला कोपरा बोराट्या टाकून बंद केला. या वेळी बोराट्या आम्हीच आणल्या होत्या. उरलेल्या वाटेवर चर पडलेला नाही. ब्रेकचे सांगायचे तर, दोन किलोमीटर उतरायला आता सहा मिनिटे लागतात, तीच ऊर्जा चौपट वेळात खर्च होते आणि तिचा जवळजवळ निम्मा भाग हवा आणि टायरच खातात. चकत्यांना हात लावता येतो.

जुनी घळ भरून आलेली नाही. तिच्यात दर पाच-सहा मीटरांवर सुट्या दगडांचे आडवे बांध घातले आहेत. खालच्या चार बांधांमागे गाळ काठोकाठ बसला असून त्यावर गवत धरले आहे. वरचे बांध, जेथे उतार अधिक आहे, दुसऱ्या पावसाळ्यातही निम्मेच भरले आणि एक वाहून गेला. तो या मे महिन्यात पुन्हा रचायचा आहे. वनहद्दीतला तीनशे मीटरांचा पट्टा होता तसाच आहे. तेथेही वाट सरळ उतारावर असून तिला चर पडू लागला आहे, परंतु खोदकामाला परवानगी नसल्यामुळे पाणी काढून देता येत नाही. अर्ज दुसऱ्यांदा दिलेला आहे. तोपर्यंत त्या पट्ट्यात सायकलवरून उतरून ती हातात धरून चालायचे, असे गटाने ठरवले आहे.